हशाच्या आड सुगावा

मंडळी, नमस्कार. विनोदी रहस्यकादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण आधी रहस्य रचतात. खून कुणाचा, कुणी केला, संशयित कोण, हे सगळं कागदावर ठरतं आणि मग त्यात विनोद भरायला सुरुवात होते. एखादी फटकळ आत्या, विसराळू शेजारी, आगाऊ मांजर. अशा पुस्तकात विनोद सुरू झाला की तपास थांबतो आणि तपास सुरू झाला की विनोद थांबतो. वाचक चाळीसएक पानं सहन करतो, मग मधली पानं वगळायला लागतो. माझं आज एवढंच म्हणणं आहे की या प्रकारात हसवणं आणि सुगावा देणं ही दोन्ही कामं एकाच वाक्याकडून करून घ्यायची असतात. ते नुसतं सांगून पटायचं नाही, म्हणून आपण एक कथानकच रचून बघू.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात त्यात खून असतो, पण रक्तपात पानावर दाखवत नाहीत. शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते. माणसं एकमेकांना ओळखणारी, जागा आटोपशीर, आणि शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा बसते. लांबी साधारण सत्तर ते ऐंशी हजार शब्द. याची मुळं दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लंडमध्ये आहेत. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, कुणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही, शोधकाला योगायोगाने उत्तर मिळता कामा नये, हाती आलेला सुगावा वाचकापासून लपवायचा नाही, असे ते नियम. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला. जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा हातचलाखी यांच्या जोरावर आपला शोधक रहस्य सोडवणार नाही, अशी शपथ सदस्यांना घ्यावी लागे.

हे नियम विनोदी कथेला जास्त कडकपणे लागू होतात. गंभीर कथेत वाचक सावध असतो. विनोदी कथेत तो लेखकावर विश्वास टाकून सैल बसलेला असतो. त्याला शेवटी कळलं की मुख्य सुगावा आपल्याला दिलाच नव्हता, तर त्याचा राग जास्त असतो, आणि तो रास्तच आहे.

आता शोधक कोण घ्यायचा? इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नुसती जिज्ञासू बाई किंवा रिकामटेकडा पेन्शनर घेऊन भागत नाही. या माणसाला अशी एक गोष्ट यायला हवी जी पोलिसांना येत नाही, आणि ती रोजच्या कामातून आलेली हवी. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल १९२७ मध्ये एका लघुकथेत आली, १९३० मध्ये कादंबरीत. तिची पद्धत काय? समोरचा संशयित तिला तिच्या खेड्यातल्या कुणाची तरी आठवण करून देतो आणि त्यावरून ती त्याचा स्वभाव ताडते. आयुष्यभर माणसं न्याहाळणं हेच तिचं कौशल्य.

आपल्या कथेसाठी मी हौशी नाट्यसंस्थेतली प्रॉम्प्टर निवडते. विंगेत संहिता घेऊन बसलेली, नट विसरला की हळूच वाक्य पुरवणारी, कधीच न दिसणारी, सगळ्यांची वाक्यं पाठ असलेली. कोण कुठे अडखळतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तिच्याकडे ज्ञान आहे आणि लोकांमध्ये वावरही आहे. आता तिला कारण द्यायचं. संस्थेच्या खजिनदाराचा कपडेपटाच्या खोलीत खून होतो आणि संशय जातो कपडेपट सांभाळणाऱ्या तिच्या भाचीवर. कुतूहल एक-दोन प्रकरणं पुरतं. पंचाहत्तर हजार शब्द ओढायला जवळच्या माणसावरचं संकटच लागतं.

आता वेळापत्रक मांडू, आणि हे काम लिहायला बसण्याआधी करायचं. एका कागदावर उभे रकाने संशयितांचे, आडव्या ओळी पाच-पाच मिनिटांच्या. दुसरा अंक साडेआठला सुरू होतो. तालमींत तो दर वेळी पंचेचाळीस मिनिटं चालला आहे, म्हणजे सव्वानऊला संपायला हवा. खजिनदाराचा शेवटचा फोन ९.०५ ला संपतो. मध्यंतरात, सव्वानऊपासून पुढे, सगळे नट प्रमुख पाहुण्यांबरोबर फोटोसाठी उभे आहेत. साडेनऊला तिसऱ्या अंकाआधी मृतदेह सापडतो. म्हणजे दुसऱ्या अंकातले सगळे नट आधी रंगमंचावर, नंतर फोटोत. मोकळी फक्त भाची.

खुनी आहे नाटकात डॉक्टरची भूमिका करणारा नट. तो वाक्यं विसरण्याबद्दल प्रसिद्ध. पहिल्या प्रकरणात, तालमीत, तो एका ठरावीक वाक्यावर थांबतो आणि करुण चेहऱ्याने विंगेकडे बघतो. दुसऱ्या प्रकरणात पुन्हा तिथेच थांबतो. या वेळी प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि दिग्दर्शक कपाळाला हात लावतो. तिसऱ्या प्रकरणात, प्रयोगाच्या दिवशी, वाचक तिसऱ्यांदा तेच व्हायची वाट बघतोय. या वेळी डॉक्टर थांबत नाहीत. ते थेट सात पानं पुढचं वाक्य बोलतात आणि नाटक तिथून पुढे निघतं. गळालेल्या पानांत पोस्टमन पत्र घेऊन येणार होता, त्यामुळे नायिकेला न आलेल्या पत्रावर हमसून रडावं लागतं. प्रेक्षक खो-खो हसतात, वाचकही हसतो.

पण इथे घडलं काय? संहितेचं एक पान रंगमंचावर साधारण मिनिटभर चालतं. सात पानं गेली म्हणजे अंक ९.०८ ला संपला. डॉक्टरांना सात मिनिटं मोकळी मिळाली, आणि पोलिसांच्या हिशोबात ती मिनिटं नाहीतच. शिवाय, खरोखर विसरलेला माणूस थांबतो. नेमकं सात पानं पुढचं वाक्य गाठायला ते पाठ असावं लागतं. आपल्या प्रॉम्प्टरला हे कळायला चोविसावं प्रकरण उजाडतं, कारण तीही त्या वेळी नाटक सावरण्यात गुंतलेली होती.

विनोदाचा जुना नियम आहे, तीनचा. दोनदा एकच गोष्ट करा आणि तिसऱ्यांदा ती मोडा. सुगाव्याची घडणही हुबेहूब तीच आहे. आधी सवय दाखवायची, मग सवय मोडल्याचं दाखवायचं. म्हणून तीनच्या विनोदात सुगावा अलगद बसतो. वाचकाला वाटतं की तिसरी खेप हसवण्यासाठी आहे, आणि हसू आल्यावर तो त्या जागेकडे पुन्हा वळून बघत नाही.

हे वाक्याच्या पातळीवर कसं करायचं ते बघा. 'डॉक्टरांनी सरळ निरोपाचं वाक्य म्हणून टाकलं, मधली सात पानं गळाली, आणि नायिका न आलेल्या पत्रावर हमसून रडायला लागली.' सुगावा मध्ये आहे, हशा शेवटी. आता क्रम उलटा करू. 'नायिका न आलेल्या पत्रावर हमसून रडायला लागली, कारण डॉक्टरांनी मधली सात पानं गाळली होती.' माहिती तीच, पण वाचक 'सात पानं' या शब्दांवर थांबतो, कारण वाक्य तिथे टेकलं आहे. चौकस वाचक तिथेच मिनिटं मोजायला लागेल.

त्याच प्रकरणाच्या शेवटी दुसरा सुगावा द्यायचा, पहिल्याला बळ देणारा. मध्यंतरात स्वच्छतागृहाबाहेरची रांग घंटा होण्याआधी संपते, आणि एक प्रेक्षक बाई म्हणतात, 'इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच बघतेय.' गंमत म्हणून वाचक पुढे जातो. प्रत्यक्षात मध्यंतर पंधराऐवजी बावीस मिनिटांचं झालं होतं.

प्रकरणं तीस धरा, प्रत्येकी अडीच हजार शब्दांची. मृतदेह तिसऱ्याच्या शेवटी, म्हणजे साडेसात हजार शब्दांच्या आत. याहून उशीर झाला तर वाचकाला कळत नाही की ही कौटुंबिक विनोदी कादंबरी आहे की रहस्यकथा. संशयित पाच पुरेत. तिघांत अंदाज लागतो आणि आठांत नावं विसरतात.

प्रत्येक संशयिताने काहीतरी खोटं बोललं पाहिजे. बरेच जण या खोट्यामागे मोठमोठी गुपितं ठेवतात, अफरातफर, बेकायदा लग्न, बनावट ओळख. मग एका नाट्यसंस्थेत इतके गुन्हेगार कसे, असा प्रश्न पडतो. निरपराध माणसाच्या खोट्याचं कारण छोटं आणि लाजिरवाणं असावं. प्रकाशयोजना सांभाळणारा गृहस्थ कुठे होता ते सांगत नाही, कारण तो दुसऱ्या अंकात दर वेळी झोपतो. दिग्दर्शिका लपवते, कारण ती प्रतिस्पर्धी संस्थेत भूमिका मागायला फोनवर बोलत होती. असा माणूस संशयातून सुटतो तेव्हा आपोआप विनोद घडतो, वेगळा घालावा लागत नाही. या सुटकांत अंतर ठेवा. दोन लागोपाठ प्रकरणांत दोघे सुटले तर मधला भाग यादी तपासल्यासारखा होतो.

पोलीस अधिकाऱ्याला मूर्ख करू नका. ही चूक फार होते, आणि तिने शोधकाचंच मोल कमी होतं. बावळटाच्या पुढे जाण्यात काय मोठं? आपल्या कथेत अधिकारी सगळ्यांना विचारतो की अंक किती वेळाचा. सगळे पंचेचाळीस मिनिटं सांगतात आणि सगळे खरंच बोलतात. वाक्यं गाळल्याचंही त्याला कळतं, पण संहितेच्या पानाला किती वेळ लागतो हे त्याने विचारावं असं कुणाला सुचेल? तो हुशार आहे, त्याच्याकडे एक माहिती नाही, इतकंच. आणि प्रॉम्प्टरला काही सापडलं तर तिने ते त्याला सांगायला हवं. त्याने ते हलक्यात घेतलं तर ठीक, पण शोधकाने पुरावा दडवला की वाचकाची सहानुभूती जाते.

विनोद कुठे नको हेही स्पष्ट बोलायला हवं. मेलेला माणूस कितीही खडूस दाखवा, त्याच्यासाठी खरोखर रडणारं एक माणूस पुस्तकात हवं आणि त्याच्या प्रसंगात एकही कोटी नको. खजिनदाराची म्हातारी बहीण एक प्रकरणभर आली की खुनाला वजन येतं. त्या वजनाशिवाय तपास नुसतं कोडं राहतो. कुणाच्या अंगकाठीवर, बोलीवर, व्यंगावर हसवू नका. असा विनोद कथानकाला काहीच देत नाही, कारण त्यात मोडण्यासारखी सवयच नसते.

उलगड्याच्या प्रसंगात शोधक रात्री एकटीच खुन्याला भेटायला जाते, हे इतकं झालंय की वाचक पुस्तकावर चिडतो. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे. प्रॉम्प्टर सगळ्यांना बोलावते आणि अधिकाऱ्याच्या हाती घड्याळ देऊन दुसरा अंक पुन्हा करायला लावते, सात पानं गाळून. अडतीस मिनिटं. मग डॉक्टरांना त्यांचं नेहमीचं अडखळण्याचं वाक्य म्हणायला सांगते आणि या वेळी स्वतः गप्प बसते. ते थांबतात, कारण ते खरंच विसरतात. या शांततेत कुणालाही हसू येता कामा नये. वेळेच्या हिशोबाने संशय सिद्ध होतो, गुन्हा नाही, म्हणून एक ठोस वस्तूही लागेल. डॉक्टरांच्या कोटाचं बटण फोटोत नाही आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला होतं, एवढं पुरेल. त्या कोटाला भाचीने चौथ्या प्रकरणातच कुरकुरत बटण शिवलेलं असावं.

मालिका लिहिणार असाल तर आणखी एक अडचण येते. 'मर्डर, शी रोट' ही अमेरिकन मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा हंगाम चालली. तिच्या लेखिका-नायिकेच्या छोट्याशा गावात इतके खून झाले की ते गावच या अडचणीचं नाव होऊन बसलं. उपाय साधा आहे, दर दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकात शोधकाला बाहेर काढा. प्रॉम्प्टरला नाट्यस्पर्धा, दौरे, दुसऱ्या संस्थेची पाहुणी म्हणून जाणं, हे सगळं सहज जमतं. व्यवसाय निवडतानाच तो फिरता आहे का ते बघून ठेवा.

आता पहिला खर्डा झाल्यावरचं काम. कथानक ठाऊक नसलेला एक वाचक गाठा आणि त्याच्या हाती दोन रंगांच्या पेन्सिली द्या. हसू आलं तिथे एक खूण, काहीतरी खटकलं तिथे दुसरी. पोस्टमनच्या पत्रापाशी दोन्ही खुणा एकाच ओळीवर आल्या तर सुगावा हशाच्या फार जवळ किंवा त्याच्या मागे पडला आहे. तो एका वाक्याने आधी घ्या. नुसती खटकल्याची खूण असेल तर तिथे विनोद उणा पडतोय. आणि दोन्हीपैकी एकही खूण नसेल, तर चोविसाव्या प्रकरणात त्याला ते वाक्य आठवतं का ते विचारा. आठवत नसेल तर तालमीतलं अडखळणं आणखी ठळक करायला हवं, प्रयोगाच्या प्रसंगाला हात लावू नका.