दोन कपाटं आणि पेन्सिलीची अक्षरं

मंडळी, वाचनालयाच्या पुस्तकाचं शेवटचं कोरं पान तुम्ही कधी नीट पाहिलंय का? तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी तिथे चिकटवलेली असते आणि तिच्या आजूबाजूला वाचकांनी पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं असतं. ‘छान.’ ‘एकदा वाचायला ठीक.’ ‘शेवट फार वाईट, आजारी माणसाला देऊ नये.’ ‘नायिकेनं त्याला माफ करायला नको होतं.’ काही वाचक शब्दच लिहीत नाहीत. आपल्या घराचा जो नंबर असेल त्या पानाच्या आकड्याभोवती एक गोल काढतात. पुस्तक पुन्हा हाती आलं की ते पान उघडायचं. गोल दिसला तर हे आपलं वाचून झालंय. कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, बाबा कदम यांच्या कादंबऱ्यांत असे गोल पानोपानी सापडायचे.

नाशिकच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसले. परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी शेवटचं पान उघडून पाहायची. समीक्षकांनी काय म्हटलं ते छापून येतं, जपलं जातं. वाचकानं काय म्हटलं ते त्या पानावर राहतं आणि पुस्तक रद्दीत गेलं की त्याच्याबरोबर जातं. आज मी त्या मतांविषयी बोलणार आहे. तीही दोन कपाटांमधल्या पुस्तकांविषयीची: एक प्रेमकथांचं, दुसरं ख्रिस्ती पुस्तकांचं.

हीच दोन का, असं तुम्ही विचाराल. कारण उघडून पाहण्याआधीच ज्यांच्याविषयी मत ठरलेलं असायचं अशी हीच दोन कपाटं होती. प्रेमकथा म्हणजे हलकं वाचन. कॉलेजातल्या मुली दोन जाडजूड पुस्तकांच्या मध्ये घालून ती न्यायच्या आणि मोठ्या बायका ‘सुनेसाठी नेतेय’ म्हणायच्या. ख्रिस्ती पुस्तकांचं कपाट मागच्या खिडकीशी होतं, पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीतला २३० क्रमांक. तिकडे नाशिकातल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीकडचे चारदोन सभासद सोडले तर कुणी जायचं नाही. ‘ती त्यांची पुस्तकं’ असं लोक सहज म्हणत, मनात काही वाकडं नसतानाही. एका कपाटाला नाक मुरडलं जायचं, दुसऱ्याला वळसा घातला जायचा.

मला तुम्हाला मनापासून सांगायचंय ते हे की ज्यांनी ही पुस्तकं खरोखर वाचली, त्यांची दोन्ही कपाटांतली मतं जवळजवळ एकाच जातीची होती. माणूस बदलला तर त्याच्यावरची माया टिकते का, हेच वाचक दोन्हीकडे शोधत होते.

आता जरा मागे जाऊ. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१चा, १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक आलं. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, गावोगावच्या विधवांची दशा पाहतात, आणि पुढे यमुनेवरच वैधव्य येतं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण हिचं नाव परीक्षेपुरतं पाठ करतो. चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली: संकटं, ताटातूट, दुष्टांचे डाव आणि शेवटी पतिपत्नींची भेट. म्हणजे मराठी कादंबरीच्या घरात ख्रिस्ती पुस्तक आणि प्रेमकथा पाठोपाठच्या बहिणींसारख्या जन्मल्या. आपण त्यांना पुढे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं.

मीही ठेवलं. ‘यमुनापर्यटन’ आमच्याकडे २३०मध्ये होतं आणि मी रुजू झाल्यावर कितीतरी वर्षं ते तिथेच ठेवलं. चिठ्ठीवर शिक्के तीन. मग एका दिवाळीत कपाटं झाडताना ते हातात आलं, चाळता चाळता मी फरशीवरच बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा क्रमांक खोडून ८९१.४६३ केला, म्हणजे मराठी कादंबरी. पुस्तक तेच, कव्हर तेच, फक्त जागा बदलली. वर्षभरात चिठ्ठी भरून दुसरी चिकटवावी लागली. आधीच्या वाचकांना ते मिळालं नाही, ते माझ्या एका आकड्यामुळे. हे मला अजून टोचतं.

त्या पुस्तकाविषयी काय म्हणाले वाचक? बहुतेकांनी सांगितलं की उपदेश फार आहे, पात्रं बोलायला लागली की थांबत नाहीत. खरंच आहे ते. कथा चालता चालता प्रवचन होते आणि ते पदमनजींना हवंच होतं; त्यांनी ते लपवलेलं नाही. पण केशवपनाविषयीची पानं वाचून एक आजी पुस्तक परत द्यायला आल्या त्या टेबलाशी उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “अहो, माझ्या आत्याचं असंच झालं होतं. आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही त्यावर. हे एका ख्रिस्ती माणसानं लिहून ठेवलं?” मी हो म्हटलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, “अजून काय काय लिहिलंय त्यानं?” मी ‘अरुणोदय’ काढून दिलं, पदमनजींचं आत्मचरित्र. त्या कपाटाकडे त्या पहिल्यांदाच गेल्या होत्या आणि पुढे जात राहिल्या.

वाचकाचं मत या विषयात किती जुनं आहे म्हणाल, तर थेट ‘ख्रिस्तपुराणा’पर्यंत जातं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचं हे पुराण १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी सांगणारी ओवी आपण दर मराठी दिनाला फलकावर लिहितो, आणि ज्या पुस्तकातली ती आहे ते मात्र उघडत नाही. उघडलं तर सुरुवातीलाच एक वाचक भेटतो. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचायला दुसरं काहीतरी द्या, नाहीतर आम्ही वेळ कशात घालवायचा? किती साधी मागणी आहे! त्याला धर्म मिळाला होता, पण गोष्ट हवी होती, ऐकताना डोलता येईल अशी. आणि त्या मागणीवर उत्तर म्हणून ओवी आली, आपल्या ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेनं गोव्यात स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढलं, तरी या ओव्या लोकांच्या तोंडी राहिल्या. शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली १९५६ची देवनागरी आवृत्ती आमच्याकडे होती. तिच्या समासात एकाच हाताचं बारीक अक्षर होतं: ‘मोठ्यानं वाचा.’

प्रेमकथांच्या बाजूला तर वाचकांचा निवाडा न्यायालयापर्यंत गेला. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली निर्दोष सोडलं. सुटी वाक्यं उचलून निकाल देता येत नाही, लिखाण अख्खं वाचून पाहावं लागतं, ही त्यामागची दृष्टी होती. आमच्या वाचनालयातल्या बायकांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्या अख्खं वाचत, मगच बोलत.

आता ज्या पुस्तकासाठी मी आज उभी आहे त्याकडे येते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

आमच्याकडे एक बाई यायच्या, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आठवड्याला दोन कादंबऱ्या, त्याही प्रेमाच्याच. एकदा वैतागून म्हणाल्या, “या सगळ्या लग्नाच्या पानावर संपतात हो. खरी गोष्ट तर तिथून पुढे असते. ती कुणी लिहीत नाही का?” मी चरित्रांच्या कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढून दिलं. त्यांनी कव्हर पाहिलं आणि मान हलवली. “हे वाचलंय. आमच्या चर्चमध्ये यातले उतारे वाचतात. धर्मांतराचं पुस्तक आहे.” मी म्हटलं, “उतारे ऐकलेत. एकदा पहिल्या पानापासून वाचा.”

पंधरवड्यानं त्या आल्या. पुस्तक टेबलावर ठेवून तळहात त्यावरून फिरवला. म्हणाल्या, “ही प्रेमकथा आहे. तुम्ही चुकीच्या कपाटात ठेवलीय.”

विचार करा, त्या म्हणाल्या ते किती खरं आहे. १८६८ साली जन्मलेली मनकर्णिका गोखले, म्हणजेच पुढची लक्ष्मीबाई, घरात वडिलांच्या सोवळ्याचा कहर, अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, रागीट, भोळा, घरात दाणा नसताना हातचे पैसे दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, न सांगता निघून जाणारा. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत त्याला एक गोरा मिशनरी भेटतो, बायबल हाती येतं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळक ख्रिस्ती होतात. बायको मागे राहते. लहान मुलगा, नातेवाईक, पंढरपूरचे दिवस, आणि आपल्या माणसाचा देव बदलला म्हणून उरात पेटलेलं दुःख. पुढे ती त्याच्याकडे परत येते तीसुद्धा आपलं सोवळं सांभाळून. त्या नवऱ्यानं, एवढा तापट माणूस, तिच्यावर या बाबतीत जबरदस्ती केली नाही. मग जात देवानं केली की माणसानं हा विचार तिचा तिनं केला, आणि १९०० साली तिनंही बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं! कुठल्या प्रेमकथेत नायक-नायिका एकमेकांची इतकी वाट पाहतात? आणि त्या वाटेत प्रेमाची भाषा एकदाही येत नाही. ती भांडते, चिडवते, हसते, स्वयंपाक करते, पोराला सांभाळते, आणि आपण ओळी वाचता वाचता समजून जातो.

याला ख्रिस्ती पुस्तक म्हणायचं नाही, असं मी म्हणत नाही. ते पूर्णपणे ख्रिस्ती पुस्तक आहे. शरणपूरहून येणारे एक वृद्ध मास्तर मला दुखावून म्हणाले होते, “बाई, लोक यातले विनोद सांगतात, टिळकांचा विसराळूपणा सांगतात, बालकवी त्यांच्याकडे राहत होते ते सांगतात. पण तिनं येशूला का स्वीकारलं ती पानं उलटून पुढे जातात.” मी आमची प्रत उघडून पाहिली. पानांच्या कडा पाहिल्या की कळतं कुठे वाचक रेंगाळलेत. तिथे हात लागून कागद मऊ आणि मळकट होतो. मास्तरांचं बरोबर होतं. घरगुती प्रसंगांची पानं मळलेली होती आणि श्रद्धेविषयीची त्या मानानं कोरी. आपल्या वाचकांनी या बाईवर अपार माया केली, पण तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या निर्णयाशी दोन घटका बसले नाहीत. नवऱ्यावरचं प्रेम आणि देवावरचं प्रेम तिच्या लिहिण्यात एकमेकांत विणलेलं आहे. एक धागा ओढून काढला की दुसराही सैल होतो.

इंग्रजीत उलटं घडलं. तिथे १९५६ साली हे पुस्तक ‘फ्रॉम ब्रह्मा टू ख्राइस्ट’ या नावानं संक्षिप्त रूपात निघालं. नावानंच ते २३०मध्ये जाऊन बसलं. भांडणारी, हसवणारी लक्ष्मीबाई त्या नावात कुठे आहे? शांता गोखल्यांचा २०१७चा अनुवाद आला तेव्हा मला फार बरं वाटलं. पुस्तक अख्खं आलं.

आणि ज्या बाईनं हे लिहिलं तिला शाळा माहीत नव्हती. नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली. तो १९१९ साली गेला, ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं महाकाव्य अपुरं ठेवून. ते तिनं पुरं करायला घेतलं. मुलानं, देवदत्तांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या, त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ साली, शेवटचा भाग हातात असतानाच, ती गेली. नवऱ्याच्या चरित्रासाठी टिपणं मागितली होती. तिनं अख्खा संसार लिहून दिला.

आमची ती प्रत शेवटी खिळखिळी झाली आणि बांधणीला पाठवावी लागली. बांधणीवाला कडा कापतो, शेवटची पानं बदलतो. मी त्याला निक्षून सांगितलं की शेवटचं पान सोडवून मला दे. ते मी आज आणलंय. त्यावर तीन हातांची अक्षरं आहेत. वर शाईत, नेटकं: ‘टिळकांचा राग येतो.’ त्याखाली पेन्सिलीनं: ‘मलाही. पण ते गेले तेव्हा मी रडले.’ त्याखाली थरथरत्या हातानं, बहुधा आमच्या मास्तरांच्या, कारण ‘श’ ते असाच काढायचे: ‘श्रद्धेची पानं पुन्हा वाचावीत.’ आणि कोपऱ्यात कुणीतरी नुसताच एक गोल काढलाय, आत घराचा नंबर.

हे पान मी पुढच्या रांगेपासून फिरवते. जपून धरा, कागद फार जुना आहे.