दोघांकडून एकेक

नमस्कार, श्रोतेहो.

"आमच्या घराण्यात कोनालेच नाही, हे सुनेकडूनच आलं." गडचिरोलीकडे काम करताना हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. त्या दिवशी समोर सव्वा वर्षाचं पोर होतं, हातापायांची बोटं सुजून टम्म, डोळे पिवळसर. आई मान खाली घालून बसलेली. आजचं बोलणं तिच्यासाठी आहे, कारण सिकलसेलचा आजार एकट्या आईकडून येऊच शकत नाही.

हिमोग्लोबिन घडवणारं एक जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या प्रती दोन, एक आईची, एक बापाची. दोन्ही प्रतींत ते एकच अक्षर बदललेलं असलं, की गोल, मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. म्हणून ती सूज, त्या कळा. एरवी 120 दिवस टिकणारी पेशी 10-20 दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी.

एकच प्रत बदललेली असेल तर तो माणूस वाहक. रिपोर्टवर 'एएस' लिहिलेलं असतं. तो दिवसभर चिखलात धानाची रोवणी करतो, त्याला सहसा काही जाणवतही नाही. उलट मलेरियाचा जीवघेणा ताप त्याला कमी बाधतो. जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं ते त्यामुळेच.

त्या पोराचे आईबाप दोघंही असेच वाहक. मी त्या नवराबायकोच्या हातात एकेक रुपया दिला. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे सिकलची. दोघांनी एकदम उडवायचा. दोन्ही काटे पडले तर बाळ 'एसएस', म्हणजे आजारी. ही शक्यता चारात एक. दोन्ही छापे पडण्याचीही तेवढीच. उरलेल्या दोन वेळा बाळ वाहक.

बाप म्हणाला, "मॅडम, एकाला झालं, म्हणजे पुढचे तिघं सुटले ना?"

नाही हो. प्रत्येक बाळाच्या वेळी दोन्ही रुपये नव्याने उडतात. पहिल्या वेळी काय पडलं, त्याचा दुसऱ्या वेळेशी काही संबंध नसतो.

आणि बापाकडची ती प्रत? तीही त्याला त्याच्या आईकडून नाहीतर वडिलांकडूनच मिळालेली. सासूबाईंनी स्वतःहून बोट पुढे केलं. प्रयोगशाळेतून त्यांचा कागद आला, 'एएस'. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग सुनेच्या मांडीवरचं पोर त्यांनी आपल्याकडे घेतलं.

त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय. तोही वाहक असू शकतो. परवा तो आणि ती मुलगी, दोघंही येऊन रक्त देऊन गेले. कागद अजून यायचाय.