हँडल बघा: ठाणे ते दिवा, एका स्लो लोकलमधून

(पडदा काळा. ठाणे स्टेशनचा गलबला, घोषणा. मग लोकलच्या डब्यात टांगलेल्या हँडलांची रांग.)

ठाणे स्टेशन. कल्याणकडे जाणारी स्लो लोकल उभी आहे. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी. खिडकीतून बघता बघता वाटतं, सुटली आपली गाडी. समोरचा शेवटचा डबा निघून जातो आणि कळतं, आपण जागच्या जागीच आहोत. सुटली ती शेजारची.

डोळ्यांना फक्त दोन वस्तूंमधली जागा बदललेली दिसते. दोघांपैकी हललं कोण, ते दिसत नाही. चालत्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू उलट्या दिशेने जाताना दिसतात, तसेच आपल्याला तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात, असं आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये लिहून ठेवलं. गती सांगायची तर आधी सांगावं लागतं, कशाच्या तुलनेत. प्लॅटफॉर्मच्या, शेजारच्या गाडीच्या, की ताऱ्यांच्या.

मग आपली गाडी सुटली की नाही, हे खिडकी बंद करून कसं ओळखाल? मान वर करा. हँडलं बघा.

(हॉर्न. गाडी सुटते. कॅमेरा हँडलांवर स्थिर.)

बघा, सगळी एकदम मागे झुकली. छत पुढे निघालं, हँडलांची खालची टोकं मात्र होती तिथेच राहू पाहतायत. याला जडत्व म्हणतात. दारातली माणसं दांडा घट्ट धरतात तीही याच क्षणी.

समजा, गाडीने शून्यापासून ताशी 72 किलोमीटर गाठायला 40 सेकंद घेतले. ताशी 72 म्हणजे सेकंदाला 20 मीटर. 20 भागिले 40, म्हणजे दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटरने वाढतोय. हे त्वरण. एवढ्या त्वरणाला हँडल जेमतेम तीन अंश झुकतं. फूटभर लांबीच्या हँडलाचं टोक दीड सेंटिमीटर मागे जातं, बोटाच्या रुंदीएवढं. बोटाच्या रुंदीवरून शेकडो टनांच्या गाडीचं त्वरण मोजता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

(कळव्याच्या खाडीवरचा पूल. पाणी, खारफुटी.)

पूल ओलांडताना एका शब्दाबद्दल बोलायला हवं. घरी आपण 'गाडीचा वेग' म्हणतो, पण नववीच्या पुस्तकात दोन शब्द भेटतात: चाल आणि वेग. चाल म्हणजे किती जोरात. वेग म्हणजे किती जोरात आणि कुठल्या दिशेला. बोलीत 'चाल' म्हणजे चालण्याची ढब किंवा गाण्याची चाल, म्हणून मुलं इथे अडखळतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या वळणावर तो लागणार आहे.

(पारसिकचा डोंगर समोर. आकाशातून दृश्य: एक रूळ बोगद्यात शिरतो, दुसरा डोंगराला वळसा घालतो.)

हा पारसिकचा डोंगर. याच्या पोटातून सुमारे 1.3 किलोमीटरचा बोगदा जातो, 1916 साली सुरू झालेला. लांब पल्ल्याच्या गाड्या त्यातून सरळ पलीकडे निघतात. आपली स्लो लोकल डोंगर आणि खाडी यांच्यामधून, मुंब्र्यावरून वळसा घालते. दोघी ठाण्याहून निघाल्या, दोघी दिव्याला पोहोचल्या. कापलेलं अंतर वेगळं. विस्थापन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सरळ रेघ, दोघींचं एकच.

शाळेत असताना या विस्थापनाचा मला राग आला होता. माझे वडील रोज ठाण्याहून व्हीटीला जायचे आणि रात्री परत यायचे. जायचे 34 किलोमीटर, यायचे 34. 1853 च्या 16 एप्रिलला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेवढंच हे अंतर. फळ्यावर सरांनी लिहिलं: घरून निघून घरी परत, विस्थापन शून्य. मला वाटलं, 68 किलोमीटर उभ्याने केलेल्या माणसाच्या नावावर शून्य कसं मांडता? खूप नंतर उमगलं की ते शून्य कष्टांचा हिशेब करतच नाही. माणूस निघाला होता तिथून किती दूर आहे, एवढंच ते सांगतं. आणि रात्री दार वाजलं की आम्हाला घरात हवं असायचं ते हेच शून्य.

(बोगद्यातला अंधार. एक्स्प्रेसच्या खिडकीशी अर्धी भरलेली पाण्याची बाटली.)

थोडा वेळ त्या बोगद्यातल्या गाडीत बसू. बाहेर काळोख. गाडी सरळ रुळावर एकाच वेगाने चालली असेल तर बारीक हादरे सोडले तर बाटलीतलं पाणी सपाट राहतं. ताशी 50 असो की 90, पाणी काहीच सांगत नाही. जहाजाच्या बंद खोलीत बसून जहाज उभं आहे की संथ चाललंय ते ओळखता येणार नाही, असं गॅलिलिओने 1632 मध्ये मांडलं, ते हेच. वेग शरीराला जाणवतच नाही. जाणवतो तो वेगातला बदल.

(परत लोकल. मुंब्र्याजवळचं वळण. हँडलं एका बाजूला झुकलेली.)

आता वळण. मोटरमनने चाल वाढवली नाही, कमी केली नाही. तरी हँडलं बाजूला झुकली. काटा हलला नाही, पण दिशा बदलली, म्हणजे वेग बदलला. म्हणजे त्वरण आलं. समजा गाडी सेकंदाला 15 मीटरने चाललीय आणि वळणाची त्रिज्या 500 मीटर आहे. 15 चा वर्ग 225, भागिले 500: जवळपास 0.45. स्टेशनातून सुटतानाच्या त्वरणाएवढंच, फक्त आडवं. बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवलेला असतो म्हणून ते आपल्याला कमी भासतं.

दारात लटकलेल्या माणसाचं शरीर मात्र सरळच जाऊ पाहतं. त्यात समोरून दुसरी लोकल आली तर? दोघींची चाल ताशी 54 धरली तरी एकीतल्या माणसासाठी दुसरी ताशी 108 ने अंगावर येते. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी रुळांवर पडले, काहींचा जीव गेला. दारात कुणी हौसेने लटकत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते. सापेक्ष वेगाचं गणित शिकवताना मी ही सकाळ वगळू शकत नाही.

(खिडकीतून मुंब्रादेवीचा डोंगर हळूहळू मागे सरतो. जवळचे खांब झपाझप.)

दिवा जवळ आलं. ब्रेक लागले, हँडलं पुढे झुकली. सेकंदाला 20 मीटरने येणाऱ्या गाडीचा वेग दर सेकंदाला 0.8 मीटरने कमी केला, तर थांबायला 25 सेकंद लागतात आणि 250 मीटर जागा लागते, बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीएवढी. वेग निम्मा असता तर अंतर निम्मं नाही, पाव झालं असतं: साधारण 63 मीटर. रूळ ओलांडणाऱ्याला वाटतं, मोटरमनने बघितलंय, थांबवेल. त्याने बघितलेलं असतं. त्याच्या हातात हे 250 मीटर नसतात.

(हँडलांवर कॅमेरा. ब्रेकचा आवाज मंद होत जातो.)

आता शेवटचा सेकंद नीट बघा. ब्रेक लागल्यापासून आपण पाय रोवून मागे रेललोय, पुढे पडू नये म्हणून. गाडी पूर्ण थांबते आणि ते त्वरण एका क्षणात शून्य होतं. पण शरीर अजून रेललेलंच. म्हणून थांबल्यावर सगळा डबा एक हलका हिसका मागे खातो.

(हँडलं मागे जातात, पुढे येतात, सरळ होतात. दिवा स्टेशन.)