पारोळ्याचा तट

(चुन्याच्या घाणीचं दगडी चाक, जवळून)

सकाळचे सहा. बैलाचा तिसरा फेरा चालू आहे. चाकाखालच्या गोल चरात दळलं जातंय ते मिश्रण म्हणजे विरवून मुरवलेला कळीचा चुना, वाळू आणि भाजक्या विटांचा भुगा. मिस्त्री त्या भुग्याला सुरखी म्हणतात. शेजारच्या पिंपांत रात्रीपासून गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर भिजतोय. त्याचं पाणी मगाने थोडं थोडं चरात सोडायचं. मिस्त्री चिमूटभर चुना दोन बोटांत चोळून बघतात. कणी लागली, की बैलाला आणखी फेरे. आमच्या कॅमेरामनने विचारलं, झालं का? उत्तर अहिराणीत आलं: "घाई नको करू भाऊ, चुनाले येळ लागस."

(ड्रोन, बाजारपेठेवरून किल्ल्याकडे)

हा पारोळ्याचा भुईकोट. चुना दळला जातोय तो याच्याच तटाच्या डागडुजीसाठी. धुळ्याहून जळगावकडे जाताना गावात शिरलात, तर दुकानांच्या पत्र्यांमागून अचानक एखादा बुरूज डोकावतो, तेवढाच दिसतो. वरून पाहिल्यावर नकाशा उलगडतो. बाहेर खंदक, मग तट आणि बुरूज, आणि पोटात बालेकिल्ला. खानदेशच्या या सपाटीवर आडोशाला डोंगर नाही. बांधणाऱ्याने पाण्याचा आडोसा केला, आणि दाराशी उचलता पूल ठेवला.

बांधणारे जहागीरदार हरी सदाशिव दामोदर. साल १७२७ सांगितलं जातं. तेव्हा पारोळा म्हणजे पन्नासेक घरांची वस्ती. तिचं कोट असलेलं शहर केलं ते याच घराण्याने.

घराणं नेवाळकरांचं. मूळचे कोकणातले, राजापूरकडच्या कोट गावचे. पेशवाईत चाकरीच्या निमित्ताने खानदेशात आले. एक पाती पारोळ्यात राहिली. दुसऱ्या पातीतले रघुनाथ हरी १७७० च्या सुमारास झाशीचे सुभेदार झाले. त्याच झाशीच्या घरात पुढे मोरोपंत तांब्यांची मनू सून म्हणून गेली. पारोळ्यात मात्र किल्ल्याची ओळख करून देतात ती 'झाशीच्या राणीचं माहेर' अशी. नेवाळकरांचा किल्ला म्हणजे खरं तर सासर. पण माहेर म्हटल्यावर आवाजात जी माया येते, तिच्यापुढे आम्ही वाद घातला नाही.

(बालेकिल्ल्याची भिंत, सावकाश)

नोव्हेंबर १८५३. झाशीचे राजे, राणीचे पती गंगाधरराव अंथरुणाला खिळलेले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी भाऊबंदांपैकी वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा आनंद दत्तक घेतला. तोच दामोदरराव. कंपनीने हे दत्तक मानलं नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. दुसरी गोष्ट गावात फारसं कुणी सांगत नाही. झाशीच्या गादीवर पारोळ्याच्या सदाशिवरावांचाही दावा होता. १८५७ च्या धामधुमीत त्यांनी झाशीजवळचा करेराचा किल्ला घेऊन स्वतःला झाशीचे महाराज जाहीर केलं. राणीने फौज पाठवून त्यांना हुसकावलं आणि पुढे कैद केलं. तलवारी इंग्रजांवर उगारायच्या दिवसांतही भाऊबंदकी सुटली नव्हती.

इंग्रजांच्या वहीत पारोळा आधीपासूनच होता. १८२१ मध्ये खानदेशातले इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांना मारण्याचा प्रयत्न झाला, त्यात पारोळ्याचं नाव आलं होतं. १८५९ मध्ये जहागीर जप्त झाली आणि किल्ला निकामी केला गेला. म्हणजे आज दिसतं ती सगळी पडझड वयाची नाही. यातली काही मुद्दाम केलेली आहे.

(भेगेतलं पिंपळाचं रोप)

उरलेलं काम पिंपळ करतो. रोप ओढून काढलं तर मुळाबरोबर दगड हातात येतो. त्यामुळे बुंधा कापायचा, मूळ आतच मरू द्यायचं, मग पोकळी भरायची.

आता इथे हातोडीचा आवाज ऐका. दगडावर टणक, आणि या चौकोनावर बद्द. मागे कधीतरी कुणीतरी चांगल्या हेतूने इथे सिमेंट भरलं होतं. सिमेंट पाण्याला बाहेर पडू देत नाही, आणि ओल मागच्या चुन्यात मुरते. छिन्नी लावली तशी पाटीएवढी खपली सुटून आली. तिच्यामागचा चुना बोटाने खरवडता येतो.

नवा चुना भरण्याआधी सांधा धुतात आणि ओला ठेवतात. मग थापीने चुना दाबायचा, मध्ये दगडाच्या चिपा ठोकायच्या, वरून ओलं गोणपाट. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशी गाठतो. चुना भराभर सुकला तर तडकतो, म्हणून दहा वाजता थाप्या बंद. मंडळी निंबाखाली कळण्याची भाकरी आणि ठेचा यांची शिदोरी सोडून बसतात. गोणपाटावर पाणी मात्र दिवसभर.

गावात पाणी जपून वापरायच्या दिवसांत भिंतीला पाणी पाजायचं, यावर दोन शब्द आम्हाला ऐकून घ्यावे लागले. खंदकाच्या कडेच्या टपऱ्यांचं पुढे काय, हेही विचारलं गेलं. तो विषय वेगळा आहे.

(संध्याकाळ, तटाचा पायथा)

बैल सोडलाय. मिस्त्री सकाळच्या सांध्यावरचं गोणपाट बाजूला करतात आणि अंगठ्याचं नख रोवून बघतात. खूण उमटते. ते गोणपाट पुन्हा ओढून घेतात, आणि बादली उचलतात.