भांडी कोण घासणार?

(दृश्य: जुलै. दापोली तालुक्यातलं चिखलणी झालेलं खाचर. भर पावसात लावणी.)

ही मुलं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची, शेवटच्या वर्षाची. गाव त्यांना कृषिदूत म्हणतं, मुलींना कृषिकन्या. 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहून शेतकऱ्याबरोबर राबायचं, तेही नेमकं लावणीच्या दिवसांत. शेतीचे धडे शेतात मिळतात. दुसरे मिळतात ते संध्याकाळी, खोलीवर.

(दृश्य: भाड्याची खोली. दोरीवर न वाळलेले कपडे. मोरीत भांड्यांचा ढीग.)

प्रत्येक गटात एक जण असतोच. लावणी म्हटली की त्याचं डोकं दुखतं, आणि अहवालासाठी फोटो काढायचा म्हटलं की थांबतं. बाकीच्यांना राग येतो. यायलाच हवा.

अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थतज्ज्ञांनी झुरिचच्या विद्यार्थ्यांना एक खेळ खेळायला लावला होता. 2002 साली तो 'नेचर'मध्ये छापून आला. चौघांचा गट, प्रत्येकाकडे खेळातली 20 नाणी. सामाईक पेटीत एक नाणं टाकलं की चौघांनाही 0.4 मिळणार. गटाचा फायदा 1.6, टाकणाऱ्याच्या हाती मात्र 0.4. फुकट्याची चंगळच! मग पदरचं घालून फुकट्याला दंड करायची मुभा दिली, आणि पेटीत पडणारी नाणी वाढली. गट दर फेरीला बदलत होते, म्हणजे दंड करणाऱ्याला पुढे त्याचा काही फायदाही नव्हता. मग दंड का केला? संशोधकांनी बोट दाखवलं ते रागाकडे.

खोलीवर मात्र माणसं बदलत नाहीत. इथला दंड म्हणजे टोमणा, अबोला, नाहीतर त्याला वगळून काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप.

पीटर सालोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली भावनिक बुद्धिमत्ता मांडली, ती स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून त्याप्रमाणे विचार आणि वागणं ठरवण्याची क्षमता म्हणून. आपल्याकडे तिचा अर्थ होतो 'जाऊ दे, तू समजूतदार आहेस ना'. गिळलेला राग म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे. गप्प राहून दोघांची भांडी घासणारी मुलगी फक्त दमते.

(दृश्य: जेवणं आटोपलीत. सगळे गोल बसलेत.)

आज तिनेच विषय काढलाय. आवाज चढलाय, पण प्रश्न सरळ आहे: "तुला नक्की काय जमत नाही?" थोडं टाळून तो सांगतो, हात वळत नाही, मागे पडलो की बांधावरच्या काकी हसतात.

उद्यापासून रोपांच्या जुड्या पोचवायचं काम त्याचं. आणि आठवडाभर भांडी. भांड्यांना त्याची हरकत आहे. वाद अजून चाललाय.