लेहचं बाळ आणि ऑक्सिमीटरचा आकडा

नमस्कार मंडळी. कोविडमधे नागपुरात घरोघरी ऑक्सिमीटर आले, अन् रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांचा एकच आकडा सगळ्यांना पाठ झाला, ९४. त्याच्या खाली गेलं की बेड शोधत पळायचं. तोच आकडा डोक्यात ठेवून परवा एका आजींनी मला फोन केला. मुलगा फौजेत, पोस्टिंग लेहला, नातू तिकडंच झाला. म्हणे, "डॉक्टरसाहेब, पोराचा ऑक्सिजन ८९ हाये अन् तिथले डॉक्टर काहीच करून नाही राह्यले!"

आता बघा, आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आणि लेह साडेतीन हजारावर. हवेत ऑक्सिजन दोन्हीकडे २१ टक्केच असतो, पण तिथे हवेचा दाबच समुद्रकाठच्या ७६० वरून ५०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास उतरलेला, म्हणजे एका श्वासात आपल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश ऑक्सिजन कमी. मग निरोगी बाळाचा आकडाही कमीच येणार ना.

पण किती कमी चालतो? हे नागपुरात खुर्चीवर बसून नाही ठरवता येत, त्या त्या उंचीवरच्या धडधाकट बाळांचाच ऑक्सिजन मोजावा लागतो. अमेरिकेत कोलोरॅडोमधे लेडव्हिल म्हणून ३१०० मीटरवरचं गाव आहे, तिथे असं मोजलं तेव्हा गाढ झोपेतली सरासरी ८१ पर्यंत खाली आणि जागेपणी ९१ पर्यंत वर निघाली. बाळं तीच, तब्येत ठणठणीत, तरी दहापर्यंत फरक! तिबेटमधल्या ल्हासामधे तर एकाच गावात तिबेटी बाळांचा आकडा हान चिनी बाळांपेक्षा जास्त आला, कारण तिबेटी लोक हजारो वर्षं उंचावर राहतात, त्यांचं शरीर त्या हवेला जुळलंय. म्हणून आकडा सांगताना बाळ किती दिवसांचं, झोपलेलं की जागं, दूध पीत होतं का, हे सोबत सांगावंच लागतं.

मोजायची पद्धत पण नीट पाहिजे. मोठ्यांची बोटात अडकवायची क्लिप बाळाला लावू नका, ती बसतच नाही अन् काहीतरी भलताच आकडा दाखवते. बाळांचा प्रोब पट्टीसारखा असतो, तो उजव्या तळव्याला किंवा मनगटाला गुंडाळायचा, लाइट एका बाजूला आणि सेन्सर बरोबर समोर. उजवाच हात, कारण जन्मानंतर काही काळ उघडी राहणारी हृदयाजवळची नळी असते, तिथून मिसळणारं कमी ऑक्सिजनचं रक्त उजव्या हाताकडे जात नाही. पायाला पण लावायचा, दोन्हीतला फरक जास्त आला तर तपासणी वाढवायची. उंचावर ही नळी बंद व्हायला वेळ लागतो, हे पण ध्यानात ठेवा. पाय गार असेल, बाळ लाथा झाडत असेल तर थांबा, प्रोबवर दुपटं टाका, स्क्रीनवरची नाडीची लाट स्थिर होऊ द्या आणि मगच वाचा.

पहिल्या मिनिटांबद्दल एक गोष्ट, ऐकून घाबरू नका. नागपुरात जन्मलेलं बाळसुद्धा पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ वरच असतं, पाचव्या मिनिटाला ८० ते ८५, आणि दहा मिनिटं होईपर्यंत ८५ ते ९५. आईच्या पोटात ऑक्सिजन कमीच असतो, त्यासाठी बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं, ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं.

याची दुसरी बाजू मला जास्त टोचते. "उंचावर असंच असतं" म्हणत खरा आजार सुटून जातो. डब्ल्यूएचओने आजारी लेकरांना ऑक्सिजन लावायची रेघ ९० टक्क्यांच्या खाली धरली आहे, अडीच हजार मीटरच्या वर ती ८७. आजींच्या नातवाचं ८९ त्या रेघेच्या वर होतं, दूध ओढत होता, श्वास शांत होता, म्हणून डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून होते. पण जीभ-ओठ निळसर दिसले, दूध पिताना धाप लागली, छाती आत ओढली जाऊ लागली, तर आकडा काहीही असो, लगेच दाखवायचं.

आणि बाळ खाली नागपूरला आणलं, एखाद दिवस झाला, तरी आकडा ९५ च्या वर जात नसेल तर आता उंचीचं कारण उरलं नाही, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि हृदयाची इको करायची का ते विचारा.