नायिकेचा जमाखर्च

श्रोतेहो, नमस्कार. अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखिकांच्या कादंबऱ्या आपण प्रेमकथा म्हणून वाचतो. आज त्या हिशेबाच्या वह्या समजून उघडू या.

आधी कायदा. लग्न झालं की बाईची रोकड आणि पुढची कमाईही नवऱ्याची. आपल्याकडच्या स्त्रीधनासारखं आपोआप काही तिच्या हाती राहत नसे. लग्नाआधी करार करून विश्वस्त नेमले, तरच काही वाचायचं. लेखिका शार्लट स्मिथचा नवरा 1783 मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला. 1787 मध्ये ती मुलांना घेऊन वेगळी झाली आणि पुढच्याच वर्षी तिची 'एमेलिन' ही कादंबरी आली. घर तिच्या लेखणीवर चाललं, पण त्या मानधनावर कायद्याने हक्क नवऱ्याचाच!

फॅनी बर्नीची 'सिसिलिया' 1782 ची. नायिकेकडे वडिलांचे 10,000 पौंड, शिवाय काकांच्या इस्टेटीचे वर्षाला 3,000. अट एकच: नवऱ्याने तिचं आडनाव लावायचं. वडिलांचा पैसा तिच्यासाठी नेमलेल्या उधळ्या पालकाची देणी भागवण्यात जातो, त्यासाठी ती सावकाराचं कर्ज काढते. उरली इस्टेट. ती जाते, कारण ज्याच्याशी ती लग्न करते त्याच्या घराण्याला आपलं आडनाव सोडवत नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती बर्नीचीच 1814 मधली 'द वॉन्डरर'. पसारा फार आहे, मधली पानं खुशाल चाळा. पण नायिका कमवायला निघते तो भाग सावकाश वाचा. आधी हार्प या तंतुवाद्याच्या शिकवण्या, मग शिवणकाम, टोप्या-फितींचं दुकान, पुढे एका खाष्ट श्रीमंत बाईची पगारी सोबतीण. काम मिळत नाही असं नाही. पैसे वेळेवर मिळत नाहीत. बड्या घरच्या बायका फी आज देऊ, उद्या देऊ म्हणतात आणि दुकानदार उधारीसाठी दारात उभे. फी मागावी तर तोंड वाईट. दुकानातही तेच: गिऱ्हाईक ढीगभर माल उलगडायला लावतं, वेळ खातं आणि बिल थकवतं.

प्रकाशकही काही वेगळे नव्हते. जेन ऑस्टिनने 1803 मध्ये एक हस्तलिखित 10 पौंडांना विकलं. प्रकाशकाने ते छापलंच नाही. 1816 मध्ये भावाकरवी तेवढेच 10 पौंड मोजून तिने ते परत घेतलं. 'नॉर्थँगर ॲबी' या नावाने ते बाहेर आलं, तेव्हा ती हयात नव्हती.